मला पाहिलंस, तर रड

[दृश्य : मोबाइलचा पडदा. नदीकाठचा काळपट दगड, त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी कोरलेलं.]

हा फोटो तुमच्याकडेही कधीतरी आला असेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो जगभर फिरला. त्या उन्हाळ्यात युरोपातल्या नद्या पार तळाला गेल्या होत्या आणि फोटोखाली साधारण असा मजकूर असायचा : चारशे वर्षांपूर्वी, १६१६ साली, पूर्वजांनी दगडावर इशारा कोरून ठेवला, 'मला पाहिलंस, तर रड.'

दगड खरा. वाक्य खरं. १६१६ हा आकडाही त्याच दगडावर आहे. गडबड झाली ती दोघांची सांगड घालताना. आकडा सतराव्या शतकातला, आणि वाक्य १९०४ मधलं. आपल्याकडे टिळक केसरी चालवत होते, त्या काळातलं. मधे जवळजवळ तीनशे वर्षं गेली.

आता फॉरवर्ड करणाऱ्याला तीनशे वर्षांचा हिशेब कोण विचारणार? पण या दगडाची खरी गोष्ट त्या तीनशे वर्षांतच दडलेली आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भरत नेलेली ती एक नोंदवही आहे. पाण्याखाली ठेवलेली. पाणी आटल्याशिवाय ती उघडतच नाही.

[दृश्य : वरून दिसणारी नदी. एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला उभा कडा, मधे पूल.]

हे द्येचीन. चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर टोकाचं, जर्मनीच्या सीमेला खेटून असलेलं गाव. नदीचं नाव लाबे. सीमा ओलांडली की हीच नदी एल्ब होते. क्रकोनोशेच्या डोंगरात उगम पावते, म्येल्निकला व्लतावा तिला येऊन मिळते, आणि पुढे ड्रेस्डेन, माग्डेबुर्ग, हाम्बुर्ग करत ती उत्तर समुद्राला जाते. एकूण वाट सुमारे अकराशे किलोमीटरची. व्लतावा म्हणजे प्राग शहरातून वाहणारी नदी. संगमापर्यंतची लांबी मोजली तर तीच मोठी भरते, पण नाव राहिलं लाबेचं. नद्यांच्या बाबतीत असा अन्याय सगळीकडेच होतो.

द्येचीनच्या खाली नदी वालुकाश्माच्या घळीत शिरते. त्याआधी, पुलाजवळ, डाव्या काठाला हा दगड आहे.

[दृश्य : कॅमेरा खाली, पाण्याच्या रेषेलगत.]

जरा जवळ जाऊ.

दगडावर रेघा आहेत, आणि रेघांच्या जोडीला आकडे. काही नीट टाकीनं घडवलेले, काही घाईत ठोकल्यासारखे. मधेमधे नावांची आद्याक्षरं आहेत. ही माणसं कोण होती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि या सगळ्याच्या वरताण ती मोठी अक्षरं : 'वेन डू मिश झीस्ट, डान वाइने.' जर्मन आहे. मला पाहिलंस, तर रड.

अशा दगडांना जर्मनमध्ये 'हुंगरश्टाइन' म्हणतात. भुकेचा दगड.

रेघेचा अर्थ सरळ आहे. त्या वर्षी पाणी इथपर्यंत उतरलं होतं. कोरणाऱ्याला कोरायला जागा मिळाली, कारण तेवढा दगड उघडा पडला होता. पुढे कधी पाणी त्याहूनही उतरलं, तर नवी रेघ खाली. कमी उतरलं, तर जुनी रेघ बुडालेलीच राहणार आणि नवी तिच्या वर पडणार. म्हणजे या वहीत वर्षं एकाखाली एक ओळीनं येत नाहीत. ती दुष्काळाच्या उंचीप्रमाणे लागतात. जितकं कोरडं वर्ष, तितकी खालची जागा.

आता वाचू या. १६१६. १७०७. १७४६. १७९०. १८००. १८११. १८३०. १८४२. १८६८. १८९२. १८९३.

१४१७ चीसुद्धा एक नोंद या दगडावर असल्याचं जुन्या वर्णनांत येतं. आज ती वाचता येत नाही. आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ, म्हणजे कधी न पुसली जाणारी. ही पुसली गेली, आणि पुसली कशानं, तर नांगरांनी. होड्यांच्या नांगरांनी. शेकडो वर्षं या काठाला होड्या लागत राहिल्या, नांगर पडत राहिले, घासत राहिले. नांगर हा शब्द मराठीत होडीचाही आहे आणि शेताचाही. दुष्काळात दोन्ही नांगर एकदमच रिकामे होतात, पण त्यातल्या एकानं जुन्या दुष्काळाची खूण खाऊन टाकली, हे मला राहून राहून आठवतं.

[दृश्य : नदीवरून संथ जाणारी मालवाहू बोट.]

मग प्रश्न असा की नदी आटली तर भूक कुठून आली? शेतं तर पावसावर पिकतात.

उत्तर बाजारात आहे. तेव्हा रस्ते वाईट होते आणि रेल्वे यायची होती. धान्य, मीठ, लाकूड, दगड, सगळं नदीवरून जायचं. डोंगरातली झाडं तोडून त्यांचे तराफे वाहत न्यायचे, तेही याच पाण्यावरून. पाणी उतरलं की भरलेली होडी तळाला टेकते. मग माल अर्धा करायचा. मग पाव. मग होडी काठाला बांधून ठेवायची. तिकडे ओढ्यानाल्यांवरच्या पाणचक्क्या थांबतात, म्हणजे ज्याच्या घरात थोडंबहुत धान्य आहे त्यालाही पीठ मिळेना. पीक आधीच जळालेलं. होतं ते धान्य महाग झालेलं, आणि जिथे स्वस्त आहे तिथून आणायला वाट नाही. पैसेवाल्याला महागाई लागते, गरिबाला उपास घडतो. दगडावर यातलं काहीही लिहिलेलं नाही. तिथे नुसती पाण्याची पातळी आहे. पण काठावरचा माणूस ती पाहून पुढचं सगळं मनात वाचायचा.

आणि सगळ्यांत आधी वाचायचा तो नावाडी. नदी किती उतरली हे त्याला रोजच्या रोज कळायचं, आणि पोटही त्याचंच आधी रिकामं व्हायचं.

यातली सगळी वर्षं सारखी नव्हती. १८११ घ्या. त्या वर्षी आकाशात महिनोन्‌महिने एक मोठा धूमकेतू दिसत होता. उन्हाळा आणि शरद इतका ऊनऊन गेला की युरोपातली द्राक्षं कमालीची गोड झाली, आणि 'धूमकेतूच्या वर्षाची वाइन' म्हणून ते साल पुढे कित्येक वर्षं नावाजलं गेलं. मळेवाल्यांच्या तळघरात जे साल अभिमानानं मिरवलं, तेच इथे भुकेच्या दगडावर आहे.

१८९३ ची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. त्या वर्षी मध्य युरोपात चाऱ्याचे हाल झाले. गवत उगवलंच नाही. वैरण नाही म्हटल्यावर शेतकऱ्यांनी जनावरं मिळेल त्या भावाला काढली. चारा छावणीच्या दावणीला बैल बांधून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

[दृश्य : समोरचा काठ. किल्ल्याखालचा खडक.]

आता कॅमेरा पलीकडे वळवू. समोर उजव्या काठाला द्येचीनचा किल्ला आहे, आणि त्याच्या खालच्या खडकावरही रेघा आहेत. या पुराच्या. सर्वांत जुनी १४३२ ची. १८४५ च्या मार्चमध्ये बर्फ वितळून एल्बला महापूर आला, त्याचीही खूण आहे.

एकाच गावात, एकाच नदीच्या दोन काठांना, दोन वह्या. पुराची रेघ माणसाच्या डोक्यावर असते. येता-जाता कुणीही मान वर करून पाहावं आणि म्हणावं, बापरे, इथवर आलं होतं! दुष्काळाची रेघ मात्र एरवी पाण्याखाली. ती दिसते तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर दुसरा दुष्काळ आलेला असतो. पूर एका रात्रीत येतो, त्याची तारीख सांगता येते. दुष्काळ कधी सुरू झाला हे कुणाला सांगता आलंय?

[दृश्य : पुन्हा दगड. मोठ्या जर्मन अक्षरांजवळ थोडी लहान चेक अक्षरं.]

दगडावर आणखी एक वाक्य आहे. हे चेक भाषेतलं, १९३८ सालचं. यमक जुळवलेलं, चेष्टेच्या सुरातलं. अर्थ असा : रडू नकोस पोरी, कण्हू नकोस, कोरडं पडलं तर शेताला पाणी मार. १९०४ च्या जर्मन वाक्याला दिलेलं हे जणू चेक उत्तर.

या वाक्यात 'कोरडं' यासाठी जो शब्द आहे, तो ऐकताना आपला कान टवकारतो. 'सुखो'. संस्कृत शुष्क, मराठी सुकं, चेक सुखो, सगळी एकाच मुळाची भावंडं. चेक माणूस आजही दुष्काळाला 'सुखो'च म्हणतो. आपला सुका दुष्काळ आणि त्यांचं सुखो, पाच-सहा हजार किलोमीटरवरून येऊन एका अक्षरावर भेटतात.

पण १९३८ हे साल साधं नाही. त्याच वर्षी म्युनिकचा करार झाला आणि सप्टेंबरअखेर हा सगळा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीला तोडून देण्यात आला. गावात तेव्हा जर्मन बोलणारे बहुसंख्य होते. त्यांच्या तोंडी गावाचं नाव टेटशेन. युद्ध संपलं, पारडं फिरलं, आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन हाकलले गेले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दगडावर रेघा ओढल्या, ती घरं या गावातून उठली. आज दगडापाशी उभं राहणाऱ्या बहुतेकांना ते रडायला सांगणारं वाक्य भाषांतर करूनच वाचावं लागतं.

[दृश्य : नकाशा. नदीकाठी एकेक ठिपका उजळत जातो.]

द्येचीनचा दगड प्रसिद्ध झाला, पण तो एकटा नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात द्येचीनच्या आसपास असे डझनभराहून जास्त दगड वर आले होते. वरच्या अंगाला त्येखलोव्हित्से गावाजवळच्या दगडावर म्हटलंय, आम्ही रडलो, आम्ही रडतोय, तुम्हीही रडाल. माग्डेबुर्गला कॅथीड्रलजवळ नदीत जो खडक आहे, त्याला लोक भुकेचा खडक म्हणत आले. आणि दूर खाली ब्लेकेडे गावातल्या दगडाचा सूर निराळा : हा दगड बुडाला की आयुष्यात पुन्हा रंग भरतील. मला हा ब्लेकेडेवाला आवडतो. सगळ्यांनी रडायचं ठरवलं असताना एकानं तरी पाणी परत येईल असं लिहून ठेवलं.

[दृश्य : काठावरची पाणीपातळीची पट्टी, काळे-पांढरे आकडे.]

या रेघांवर विश्वास कितपत ठेवायचा? कुणी घाईत चार बोटं वर कोरली असेल, कुणी वर्ष उलटल्यावर आठवून. चेक जलहवामान संस्थेचे लिबोर एलेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. दगडांवरच्या खुणांची उंची मोजली, आणि जुन्या पाणीपातळीच्या नोंदींशी ताडून पाहिली. नोंदी आणि दगड एकमेकांना दुजोरा देत होते. दगडावर रेघ मारणारा मोजणीच्या बाबतीत चोख होता. याचा फायदा असा की ज्या काळात मोजणीची पट्टीच नव्हती, त्या १६१६ सालाबद्दलही आज काहीतरी भरवशानं बोलता येतं.

पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक अडचण होऊन बसली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर व्लतावा नदीवर धरणांची साखळी उभी राहिली. स्लापी, लिपनो, ऑर्लिक. कोरड्या महिन्यांत या धरणांतून पाणी सुटतं, म्हणून खाली द्येचीनला नदी पूर्वीइतकी मरत नाही. तेव्हा आजची पातळी आणि १८४२ ची पातळी शेजारी-शेजारी ठेवून 'तेव्हा जास्त दुष्काळ होता, आता कमी' असं म्हणता येत नाही. २०१५, २०१८, २०२२, या तिन्ही वर्षी धरणांनी टेकू दिलेला असताना दगड वर आले. टेकू नसता तर पाणी आणखी खाली गेलं असतं. दगड तोच, रेघा त्याच, पण वाचायची रीत बदलावी लागते.

धरणानं बदललेली दुसरी वही पाहायची, तर फार पूर्वेला जावं लागेल.

[दृश्य : धुक्यातली रुंद नदी. यांगत्से.]

चीनमध्ये, चोंगचिंगजवळ फूलिंग नावाचं शहर आहे. तिथे यांगत्सेच्या पात्रात एक लांबच लांब खडक आहे, सुमारे सोळाशे मीटर. त्याचं नाव बायह्-ल्यांग, म्हणजे पांढऱ्या करकोच्यांचा कणा. हिवाळ्यात नदी उतरली की तो पाण्याबाहेर यायचा, आणि त्याच्यावर दिसायचे मासे. दगडात कोरलेले. थांग राजवटीत, इसवीसनाच्या आठव्या शतकात, पाणी माशांच्या खाली किती गेलं याची नोंद झाली आणि पुढे बाराशे वर्षं लोक येत राहिले, पाहत राहिले, कोरत राहिले. दीडशेहून जास्त लेख, तीस हजारांच्या आसपास अक्षरं. सोंग काळातला नामांकित कवी ह्वांग थिंगच्यान तिथे येऊन गेला, त्याचीही ओळ आहे. १६८५ मध्ये झिजलेले दोन मासे पुन्हा नव्यानं कोरले गेले. गंमत म्हणजे त्यांच्या डोळ्यांची उंची आजच्या पातळीपट्टीच्या शून्याच्या अगदी जवळ येते.

आता ऐका. या माशांना पाहून फूलिंगचे लोक रडत नव्हते. तिथली समजूत अशी की दगडी मासा पाण्याबाहेर आला की पुढचं साल पिकाचं!

द्येचीनला उतरलेलं पाणी म्हणजे भूक, फूलिंगला उतरलेलं पाणी म्हणजे सुगी. हा उलटा हिशेब मला आधी कळेना. मग ऋतू आठवले. एल्ब आटते उन्हाळ्यात आणि शरदात, म्हणजे पीक शेतात असताना किंवा दाणा घरात येताना. नदी उतरलेली दिसली की पीक गेलं, हे ठरलेलं. यांगत्से उतरते हिवाळ्यात, आणि तिचा पाऊस उन्हाळ्यात. मासा दिसतो तेव्हा पेरणी अजून पुढेच असते. तिथे खडक उघडा पडणं म्हणजे वर्षाचं पान उलटणं. कवींनी होडी करून माशांच्या दर्शनाला जावं आणि आपलं नाव कोरून यावं, ही चैन त्यामुळेच परवडली. द्येचीनला सहलीला कोण जाणार?

[दृश्य : सरकत्या जिन्यानं खोल उतरणारा बोगदा. गोल खिडक्यांतून हिरवट पाणी.]

मग थ्री गॉर्जेस धरण आलं. पाणी कायमचं चढलं. खडक पाण्याखाली जाणार, तो पुन्हा कधीच वर येणार नाही, हे नक्की झालं. खडक कापून हलवायचा का, त्याची प्रतिकृती करायची का, यावर बरीच वर्षं चर्चा झाली. शेवटी लेखांच्या भागावर काँक्रीटचं एक मोठं कवच बांधलं आणि त्यात गाळलेलं पाणी भरलं. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहिल्यानं कवच फुटत नाही. २००९ मध्ये ते पाण्याखालचं संग्रहालय उघडलं. आता माणूस जिन्यानं नदीच्या पोटात उतरतो आणि खिडकीतून मासे पाहतो. वर्षाचे बारा महिने. पाणी कमी असो की जास्त.

मासे वाचले, हे खरंच. पण नदीनं ते उघडे करण्याचा प्रकार संपला. फूलिंगचा मासा आता कुठलंही साल सांगत नाही.

[दृश्य : उजनीचा जलाशय, उन्हाळा. पाण्याबाहेर आलेलं शिखर.]

आपल्याकडे असा कोरीव दगड मी तरी दाखवू शकत नाही. आपले दुष्काळ बोलण्यात कोरलेले असतात. 'मी बहात्तरच्या दुष्काळातला' असं वय सांगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. पण इंदापूर तालुक्यात पळसदेवला जा. भीमेवर उजनी धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि पळसनाथाचं मंदिरही. ज्या उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते, त्या उन्हाळ्यात मंदिराचं शिखर वर येतं, मग हळूहळू भिंती, खांब. लोक होडीतून, नाहीतर चिखल तुडवत पाहायला जातात. फोटो काढतात. विस्थापितांच्या घरातली म्हातारी माणसं कुठे काय होतं ते बोटानं दाखवतात. कुणीही मुद्दाम खूण केलेली नाही, तरी सोलापूरच्या ऊसवाल्याला ते शिखर किती उघडं पडलं यावरून पाण्याची पाळी मिळणार की नाही, याचा अंदाज येतो.

[दृश्य : ऱ्हाइन नदी. काठावरच्या गोट्यांत एक दगड.]

आणि कोरण्याची सवय अजून मोडलेली नाही. ऱ्हाइनच्या काठी, वर्म्स शहराजवळ आणि लेव्हरकुझनजवळच्या राइनडॉर्फला, २०२२ च्या उन्हाळ्यात जे दगड उघडे पडले त्यांवर १९४७ होतं. महायुद्धानंतरच्या उपासमारीत पडलेला तो दुष्काळ. १९५९ होतं. २००३ होतं. आणि २०१८ होतं. उपग्रह आहेत, दर पंधरा मिनिटांना पातळी सांगणारी यंत्रं आहेत, तरी कुणीतरी छिन्नी-हातोडी घेऊन नदीत उतरलं आणि चार आकडे ठोकून आलं.

[दृश्य : द्येचीन. पावसाची भुरभुर. पाणी दगडाच्या पायाशी.]

क्रकोनोशेत पाऊस लागला की काही दिवसांत द्येचीनला पाणी वाढायला लागतं. दगडाच्या खालच्या कडेपासून ते वर सरकतं. आधी सर्वांत कोरड्या वर्षाची रेघ बुडते. मग तिच्या वरची.